फोटो आणलात, आता सेक्शनही मागा

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि आसपासच्या गावांतील मंदिर जीर्णोद्धार समित्या, सभागृह समित्या व शाळा इमारत समित्या यांचे अध्यक्ष, खजिनदार आणि सर्व सभासद यांस

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिले आहे, नाव माहीत असेलच असे नाही. इंजिनियरच्या ऑफिसात आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर बसलेला असतो, साहेब "थ्रीडी दाखव रे जरा" म्हणून हाक मारतात आणि तुम्ही सगळे ज्याच्या खुर्चीमागे गोळा होता, तो ड्राफ्ट्समन मी. तुमच्या कमानी, शिखरे, मंगल कार्यालयांच्या काचा, सगळे माझ्याच हातून कागदावर उतरते.

पत्राचे कारण म्हणजे तुमच्या मोबाइलमधले फोटो. पूर्वी समिती यायची ती शेजारच्या गावाचे सभागृह डोळ्यांपुढे ठेवून, आणि "त्यांच्यापेक्षा एक मजला जास्त" एवढीच अट असायची. आता अझरबैजानचे बाकू येते, दुबई येते, सिडनी येते. याचा मला आनंदच आहे. आमच्या भागातली माणसे जगातल्या चांगल्या इमारती बघतात, रात्री बसून एकमेकांना पाठवतात, "हे कसं उभं केलं असेल?" म्हणून वाद घालतात, हे चांगले लक्षण आहे. तक्रार पुढची आहे. फोटोतली इमारत तुम्हाला समोरून आवडते आणि समोरूनच हवी असते.

गेल्या वर्षी खानापूर भागातले एक खजिनदार, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, दिल्लीच्या लोटस टेंपलचा फोटो घेऊन आले.

"गाभारा हिथं, आणि वरनं हे कमळ. असंच पायजे बघा. एक पाकळी कमी नको."

"तात्या, सत्तावीस पाकळ्या आहेत त्याला."

"मग? आमची वर्गणी काय कमी हाय?"

वर्गणीबद्दल मी काय बोलणार! पण ती इमारत नीट बघण्यासारखी आहे. फरिबुर्झ साहबा या इराणी वास्तुरचनाकाराची ही रचना 1986 मध्ये पूर्ण झाली. पाकळ्या काँक्रीटच्या, वर ग्रीसहून आणलेला पांढरा संगमरवर. भोवती नऊ तळी. फोटोत ही तळी शोभेची वाटतात, पण दिल्लीच्या उन्हाळ्यात पाण्यावरून आलेली हवा खालच्या बाजूने आत शिरते आणि तापली की वर कमळाच्या टोकाकडून निघून जाते. म्हणजे कमळ पाण्यात आहे ते कामासाठी आहे. हे मी तात्यांना सांगितले. तात्या म्हणाले, "तळं-बिळं राहू दे. तिथं पार्किंग येतंय."

आणि कमळच हवे असेल तर इतक्या लांब कशाला जायचे? बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर आहे. रट्ट राजांच्या काळातले, 1204 च्या सुमाराचे. मंडपात उभे राहून मान वर करा. छतातून खाली उमलत आलेले दगडी कमळ आहे, पाकळ्यांच्या कडेवर पडणारा उजेड सकाळी वेगळा आणि दुपारी वेगळा. त्या दिवशी ऑफिसात आलेल्या सभासदांपैकी निम्म्यांनी ते पाहिलेच नव्हते. किल्ल्यात लष्कर असते, आपण कशाला जायचे, असे त्यातल्या एकाने सांगितले. दिल्लीचे कमळ पाठ होते.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या धंद्यात तीन मुख्य कागद असतात. प्लॅन तुम्ही बघता, कारण खोल्या मोजायच्या असतात. एलिव्हेशन, म्हणजे इमारत समोरून कशी दिसेल ते चित्र, बघता, कारण ते फ्लेक्सवर छापायचे असते. तिसरा असतो सेक्शन. इमारत उभी चिरली तर आत काय दिसेल त्याचे चित्र. कलिंगडवाल्याकडे आपण आधी फोड कापून मागतो, तसाच हा प्रकार. ऊन कुठवर आत येते, पाणी कुठून जाते, गरम हवा कुठे अडते, डोक्यावर किती उंची आहे, हे सगळे सेक्शनमध्ये असते. इतक्या वर्षांत एकाही समितीने माझ्याकडे सेक्शन मागितलेला नाही. महापालिकेच्या परवानगीला लागतो म्हणून आम्ही काढतो आणि फाइलमध्ये लावतो.

जगातल्या ज्या इमारती बघून तुम्ही थक्क होता, त्यातल्या बहुतेकींचे रहस्य या तिसऱ्या कागदात आहे.

एकच उदाहरण सविस्तर सांगतो, कारण ते शाळेचे आहे आणि आपल्यातल्या अनेक समित्या शाळाच बांधतायत. आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे. तिथल्या गांदो या खेड्यातला फ्रान्सिस केरे हा मुलगा. गावात शाळा नव्हती म्हणून सातव्या वर्षी घर सोडून परगावी शिकायला गेला. तिथला वर्ग भट्टीसारखा तापायचा. पुढे तो बर्लिनला वास्तुकला शिकायला गेला आणि शिकता शिकताच पैसे जमवून त्याने आपल्या गावात शाळा बांधली. ती 2001 मध्ये पूर्ण झाली. विटा गावच्याच मातीच्या, थोडे सिमेंट घालून दाबून केलेल्या. गावकऱ्यांना आधी हे पसंत नव्हते, कारण पावसात मातीची भिंत विरघळते हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. आपल्याकडेही कुणी मातीच्या विटा म्हटले तर समिती उठून जाईल. पण त्याने वर असे छप्पर दिले की भिंतीपर्यंत पाऊस पोचतच नाही. वर्गावर आधी विटांचे छत, त्यात हवेसाठी मोकळ्या फटी. त्याच्यावर बरीच जागा सोडून पत्र्याचे मोठे छप्पर, चारी बाजूंनी भिंतीच्या पुढे आलेले. पत्रा तापतो, पण तो खालच्या छताला टेकलेलाच नाही. मधल्या जागेतून वारा वाहतो आणि वर्गातली गरम हवा फटींतून वर ओढली जाते. पत्रा उचलून धरणारी कैची, म्हणजे छपराचा सांगाडा, साध्या लोखंडी सळ्यांची आहे. क्रेन मिळणार नव्हती, म्हणून माणसांना उचलता येईल आणि गावात वेल्डिंग करता येईल अशीच तिची रचना केली. पायाला दगड मुलांनी वाहून आणले, जमीन बायकांनी चोपून घट्ट केली. या शाळेला 2004 मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला आणि केरेंना 2022 मध्ये प्रित्झ्कर, म्हणजे या क्षेत्रातला सर्वांत मोठा मान. तो मिळवणारे ते पहिलेच आफ्रिकन.

आता जरा बेळगावात कुठल्याही गच्चीवर चढून चौफेर बघा. शहापूर, वडगाव, टिळकवाडी, कुठेही. काय दिसते? पाण्याच्या टाक्या, आणि दर दोन घरांआड स्लॅबवर उभारलेले पत्र्याचे शेड. स्लॅब गळायला लागला म्हणून घातलेले. खाली चारी बाजू मोकळ्या, वारा आरपार. अहो, हे केरेंचेच दुहेरी छप्पर आहे! शेड झाल्यावर वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात पंख्याचा वेग कमी करावा लागतो, हे घरातल्या बायका सांगतात. म्हणजे शहाणपण आपल्याकडे आहेच, फक्त ते दहा वर्षे उशिरा येते, गंजक्या पाइपांवर येते, आणि कुठल्याही ड्रॉइंगमध्ये नसते. सपाट स्लॅब आधी घालायचा, त्याला एलिव्हेशनसाठी उंच पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडा, करायचा, चार पावसाळ्यांनी डांबर ओतायचे, मग शेवटी पत्रा. तेच छप्पर पहिल्या दिवशी सेक्शनमध्ये आले असते तर एकदाच पैसे गेले असते आणि दिसायलाही झोकदार झाले असते. गांदोच्या शाळेचे सगळे सौंदर्य त्या उचललेल्या पत्र्यातच तर आहे.

काचेबद्दल थोडक्यात. काचेच्या दर्शनी भिंतीचा हट्ट करणाऱ्यांनी लंडनच्या 20 फेनचर्च स्ट्रीटची गोष्ट ऐकावी. राफाएल व्हिन्योली हे नामांकित वास्तुरचनाकार, इमारत उंच आणि पोटात आत वळलेली. 2013 मध्ये काम चालू असतानाच त्या वळणावरून परतलेले ऊन समोरच्या रस्त्यावर असे एकवटले की उभ्या जग्वार गाडीचे भाग वितळले. एका पत्रकाराने तिथे अंडे तळून दाखवले. पुढे त्या काचेवर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. हे लंडनच्या उन्हात. आमच्याकडे मंगल कार्यालयाला पश्चिमेला काच लावतात, मग आतून पडदे, पडद्यामुळे अंधार म्हणून दिवसा ट्यूबलाइट, आणि उकाड्यात भटजी अंतरपाटाआडून घाम पुसतायत.

आणि जिल्हा एक असला तरी हवा एक नाही. कणकुंबीला पाऊस असा कोसळतो की पंधरा-पंधरा दिवस कपडे वाळत नाहीत. अथणीकडे त्याच महिन्यात माणसे आभाळाकडे बघत बसतात. दोन्हीकडच्या समित्या मला एकच फोटो पाठवतात. कणकुंबीला उतरते छप्पर आणि खोल पडवी हवी, अथणीला जाड भिंत आणि सावली हवी. दर्शनी भागाला लावायची एसीपी (ॲल्युमिनियमची) शीट दोन्हीकडे सारखीच चकाकते, हे खरे.

देवळाच्या समित्यांना मात्र एका मशिदीबद्दल सांगायचे आहे. राग मानू नका, आधी ऐका. ढाक्यात मरीना तबस्सुम यांनी बांधलेली बैत उर रौफ मशीद 2012 ची. जागा त्यांच्या आजीने दिली, पैसा लोकांकडून जमवला. तिला घुमट नाही, मिनार नाही, सगळी विटांची. छताला छोटी गोल भोके आहेत आणि त्यांतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडतात. भिंतीच्या विटा मधूनमधून सोडून जाळी केली आहे, तिथून वारा येतो. आत माणूस शांत होतो ते या उजेडामुळे. जपानमध्ये तादाओ आंदोंनी 1989 च्या एका छोट्या चर्चमध्ये भिंतीलाच क्रूसाच्या आकाराची चीर ठेवली आणि बाकी काँक्रीट कोरे सोडले. आपल्या जुन्या देवळांत तरी दुसरे काय आहे? हलशीच्या भूवराह नरसिंहाच्या देवळात शिरताना डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, तोवर पाय आपोआप हळू पडतात. जीर्णोद्धाराच्या नावाखाली आपण पहिले काय करतो, तर गाभाऱ्यापर्यंत चकचकीत टाइल्स आणि चार एलईडी.

हे वाचून कुणाला वाटेल, याला भपका आवडत नाही. चुकीचे आहे. सिडनीच्या ऑपेरा हाउसवर मी तासभर बोलू शकतो. योर्न उत्झन या डॅनिश माणसाचे डिझाइन 1957 मध्ये निवडले गेले, तेव्हा छपराची ती शिडे बांधायची कशी हे कुणालाच माहीत नव्हते. प्रत्येक शिडाचा बाक वेगळा, म्हणजे प्रत्येक तुकड्याला वेगळे सेंट्रिंग, काँक्रीट ओतायचा वेगळा साचा. काही वर्षांनी तोड निघाली ती अशी: सगळी शिडे एकाच मोठ्या गोलाच्या पृष्ठभागातून कापलेली समजायची. मग बाक सगळीकडे सारखा, तेच साचे पुन्हा पुन्हा वापरता येतात. आपल्या कुठल्याही सेंट्रिंगवाल्याला हे सांगा, तो तिथल्या तिथे दाद देईल. वर दहा लाखांहून जास्त टाइल्स, दोन छटांच्या, एक चकचकीत आणि एक मंद, म्हणून ऊन त्यांच्यावर डोळे दिपवत नाही. खजिनदारांसाठी वेगळी माहिती: अंदाज होता 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा, खर्च झाला 10 कोटी 20 लाख, आणि त्यातले पुष्कळ पैसे सरकारने लॉटरी काढून उभे केले. सरकारशी खटके उडून उत्झन 1966 मध्ये काम सोडून गेले. 1973 मध्ये इमारत उघडली, त्यांनी ती पूर्ण झालेली कधीच डोळ्यांनी पाहिली नाही.

झाहा हदीद यांचे बाकूचे सांस्कृतिक केंद्रही तसेच. जमीनच उचलून छत झाल्यासारखे, कोपरा शोधून सापडत नाही. नॉर्वेत ऑस्लोचा ऑपेरा 2008 चा. त्याचे पांढरे संगमरवरी छप्पर पाण्यापासून चढत जाते आणि कुणीही, तिकीट न काढता, त्याच्यावर चालत वर जाऊन बसतो. या इमारती मी रात्री जेवण झाल्यावर बघत बसतो. त्यांतून घेण्यासारखे मला आकारापेक्षा धाडस वाटते, आणि ऑस्लोकडून तर सरळ एक कल्पना उचलावी: आपल्या सभागृहाला लग्न नसेल त्या दिवशी कुलूप असते. त्याचीच एक बाजू पायऱ्या-पायऱ्यांची केली तर संध्याकाळी गाव तिथे बसेल.

स्पेनमधल्या बिल्बाओचेही नाव काही समित्या घेतात. फ्रँक गेरींचे टायटॅनियमचे संग्रहालय 1997 मध्ये उघडले आणि बंद पडत चाललेल्या गोदी-कारखान्यांचे शहर जगाच्या नकाशावर आले. मग गावोगावी "आपणही एक चमचमीत इमारत बांधू" सुरू झाले. बिल्बाओने त्याच काळात नदी साफ केली, नवी मेट्रो आणली, ते कुणी सांगत नाही.

वाचनालयाच्या मंडळींसाठी चीनमधल्या तिआनजिनचे वाचनालय. 2017 चे, फोटो तुम्ही नक्की पाहिलाय: मधे मोठा पांढरा गोल आणि भोवती छतापर्यंत लाटांसारखी पुस्तकांची कपाटे. वरच्या कपाटांतली पुस्तके म्हणजे छापलेली चित्रे आहेत, तिथे हात पोचायची सोयच नाही. फोटोत कळत नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी हेलसिंकीत ओदी नावाचे वाचनालय झाले, संसदेच्या समोर. त्यात शिवणयंत्रे आहेत, गाणे रेकॉर्ड करायच्या खोल्या आहेत, वरच्या मजल्यावर पुस्तके आणि उजेड. आमच्याकडे फलकावर कुठल्या भाषेची अक्षरे वर आणि कुठली खाली यावर रात्र-रात्र बैठका होतात. आत पोरांना बसायला खिडकीजवळ जागा आहे का, यावर निम्म्या तासाची तरी एक बैठक व्हावी.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणून शेवटी ठेवले. पाडापाडी. खानापूरच्या मातीची वीट आणि कौल आपल्या सगळ्या भागाने वापरले. जांभ्याचे चिरे तर काढताना नरम असतात आणि वाऱ्यावर कडक होत जातात, अशा भिंती शंभर वर्षे हलत नाहीत. हे सगळे जेसीबीने पाडून ट्रॅक्टरने खड्डे बुजवायला जाते. चीनमध्ये निंग्बो शहराच्या विस्तारात आजूबाजूची खेडी पाडली गेली, तेव्हा वांग शू या वास्तुरचनाकाराने त्यांच्या विटा आणि कौले गोळा करून 2008 मध्ये त्या शहराचे इतिहास संग्रहालय उभे केले. भिंत जवळून बघितली तर तांबडी, करडी, काळपट अशी वेगवेगळ्या घरांची कौले एकावर एक रचलेली. वादळानंतर पडक्या घरांच्या तुकड्यांतून भिंत उभी करायची त्या भागातल्या गवंड्यांची जुनी रीत होती, तीच त्याने वापरली. त्याला 2012 चे प्रित्झ्कर मिळाले. पुण्याला मुलांकडे जाता तेव्हा एकदा आयुका ही खगोलशास्त्राची संस्था बघून या. चार्ल्स कोरियांनी तिथे पुण्याचाच काळा दगड घेतला, त्याच्यावर त्याहून काळा कडप्पा, त्याच्यावर चकचकीत काळा ग्रॅनाइट. दगड आपल्याच मातीतला असला म्हणून इमारत जुनाट दिसत नाही.

आणि कधी कधी काहीच न पाडता, न बांधता भागते. फ्रान्समध्ये बोर्दो शहराने एक छोटा चौक सुशोभित करायला लाकातों आणि व्हासाल या जोडीला दिला. त्यांनी तो बराच काळ बघितला, तिथल्या लोकांशी बोलले आणि कळवले की चौक आहे तसा छान आहे. खडी बदला, झाडांची निगा राखा, झाडलोट जास्त वेळा करा. त्यांनाही 2021 मध्ये प्रित्झ्कर मिळाले. असा सल्ला आमच्या साहेबांनी दिला तर समिती फी देईल का, हा प्रश्न मी इथे विचारत नाही.

तर मागणे एवढेच. फोटो आणत राहा, जास्त आणा. पण फोटोबरोबर ती इमारत कुठल्या हवेत उभी आहे ते विचारा, आणि आमच्याकडून एलिव्हेशनच्या आधी सेक्शन मागा. मागितलात तर साहेब नाही म्हणणार नाहीत, तो काढलेलाच असतो. थ्रीडीच्या रंगावर बैठक घालवण्याआधी तो कागद टेबलावर पसरून विचारा, जुलैत वाऱ्याबरोबर आडवा पाऊस आला तर पाणी कुठवर येईल? एप्रिलमध्ये दुपारी तीनला ऊन कुठल्या बाकावर पडेल?

ज्या समितीची जुनी कौलारू शाळा या उन्हाळ्यात उतरवायचे चालले आहे, त्यांना वेगळी विनंती. जेसीबीची तारीख घेण्याआधी मला एक रविवार द्या. मी टेप आणि कागद घेऊन येतो, पैसे नकोत. तुम्ही फक्त कौलांवर चढता येणारा एक माणूस आणि लांब शिडी तयार ठेवा. वासे किती चांगले आहेत ते बघू, कौले मोजू आणि मग काय ते ठरवा.

आपला,
इंजिनियरच्या ऑफिसातला ड्राफ्ट्समन
बेळगाव